नाताळला माझी वाट पाहू नका

डोडोमा, टांझानिया
नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
सप्रेम सलाम.

फोनवर सांगायला गेले असते तर आईचा आवाज ऐकून मध्येच गप्प झाले असते, म्हणून लिहिते आहे. दादा वाचून दाखवेल. आई, तू आधी खुर्चीवर बस. बाबा, तुमचं जेवण झालं नसेल तर आधी जेवून घ्या.

मी या नाताळला येत नाही. इथल्या बाळंतपणाच्या वॉर्डातली मुदत संपते आहे हे खरं, पण इथून मी पश्चिमेला, कासुलूला जाणार आहे. होकार कळवून झाला आहे आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघायचं आहे. नेमणूक दोन वर्षांची आहे. मे महिन्यात मात्र घरी येते, चांगली दीड महिना राहते. रजा मिळेल याची खात्री करूनच होकार दिला.

कासुलू टांझानियातच आहे. दादाला नकाशा काढायला सांगा. टांगानिका सरोवराच्या काठी किगोमा दिसेल, तिथून बसने दोनेक तास. जवळच न्यारुगुसूची निर्वासित छावणी आहे. कांगोतल्या लढाईतून जीव वाचवून, सरोवर ओलांडून आलेल्या लोकांसाठी ती 1996 मध्ये उघडली. आज तिथे लाखाहून जास्त माणसं राहतात. छावणीतच जन्मलेल्या मुली आता स्वतः बाळंत होताहेत. त्यांच्यासाठी सुईणी हव्या आहेत. आई, तुझ्या डोळ्यांपुढे लगेच बंदुका येतील, पण लढाई सरोवराच्या पलीकडे आहे. शिवाय मी छावणीत राहणार नाही, कासुलू गावात राहीन. आमच्याबरोबरच्या बाकीच्या नर्सही तिथेच राहतात आणि अंधार पडायच्या आत गाडी सगळ्यांना परत आणते. भाषेचीही अडचण नाही. पूर्व कांगोतली माणसं स्वाहिली बोलतात, त्यामुळे मला पहिल्या दिवसापासून बाईशी सरळ बोलता येईल. बाळंतपणात अर्धी भीती बोलण्यानेच जाते, हे आई तुला मी सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, मग नगरला काय बाळंतपणं होत नाहीत? होतात. पण नगरला बाईला रक्तस्राव सुरू झाला तर तासाभरात कुठे ना कुठे डॉक्टर मिळतो. इथे परवा एका बाईला सातव्या खेपेला मोटरसायकलवर मध्ये बसवून आणलं, पुढे चालवणारा, मागे धरायला सासू. गर्भाशय आवळत नव्हतं. ते आवळायचं औषध, ऑक्सिटोसिन, हाताशी होतं, ते ठेवायचा फ्रीज चालू होता, आणि जिने सगळं निभावलं ती इथलीच तरुण सुईण होती. मी नुसती बाजूला उभी होते. त्या रात्री मला कळलं की या वॉर्डाला आता माझी गरज उरलेली नाही. इथल्या मुली तयार झाल्या आहेत. तिकडे अजून तशा हव्या आहेत.

आई, सातवीत असताना तूच मला जामखेडला नेलं होतंस. आरोळे डॉक्टर पती-पत्नींनी 1970 मध्ये सुरू केलेल्या त्या प्रकल्पात, कधी शाळेत न गेलेल्या बायका बाळंतपणातली जोखीम कशी ओळखायची ते आपल्याला समजावून सांगत होत्या. येताना एसटीत तू खिडकीकडे तोंड करून रडत होतीस, मी विचारलं नाही. मला तेव्हापासून हेच करायचं होतं. आणि बाबा, बहात्तरचं तुमचं खडीचं काम, सुकडीसाठी लागलेली रांग, हे तुम्ही इतक्यांदा सांगितलंय की रेशनची पिशवी घेऊन उभी राहिलेली बाई मला परकी वाटत नाही. म्हणून हे तुमच्या मनाविरुद्ध आहे असं मला खरंच वाटत नाही. तुमच्या सोयीविरुद्ध आहे, ते मला कळतं.

खाण्यापिण्याची काळजी अजिबात करू नका. डोडोमाचा भाग आपल्या नगरसारखाच कोरडा आहे, ज्वारी, बाजरी, भुईमूग सगळं पिकतं. रविवारी मी बाजरीची भाकरी थापते आणि शेंगदाण्याची चटणी कुटते. माठाची भाजी रोज बाजारात असते. एरवी उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, आणि घेवड्याची उसळ, आता तीच आवडायला लागली आहे. कासुलूकडे पाऊस भरपूर, केळी, कसावा आणि सरोवरातली सुकवलेली बारीक मासळी मिळते. बाबा, अगदी सुकटीसारखी भाजून खाता येते. खोलीला जाळीची खिडकी आहे, पलंगाला मच्छरदाणी आहे आणि ती गादीखाली नीट खोचते. अंग कसकसलं तर त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करते, पंधरा-वीस मिनिटांत कळतं, औषध कपाटात आहे. रस्त्यावर नगरच्या त्याच बजाजच्या रिक्षा धावतात. मी एकटी रात्री कुठे जात नाही.

गेल्या रविवारी इथल्या चर्चच्या मंडळीने मला निरोप दिला. उपासनेनंतर दानात आलेल्या जिनसांचा अंगणात लिलाव होतो, आपल्याकडे पिकाच्या उपकारस्तुतीला होतो तसाच. कोंबडी, मका, भोपळे, अंडी. त्या दिवशी बायकांनी एक कोंबडी बोली लावून घेतली आणि माझ्या हातात दिली. मग ढोलावर नाचत एकेकीने माझ्या खांद्यांवर खांगा, इथल्या बायका अंगाला गुंडाळतात ती रंगीत कापडं, पांघरल्या, इतक्या की उन्हात घामाघूम झाले. एक आजी रोज वॉर्डाच्या दाराशी बसायची, तिच्या सुनेला आम्ही दोनदा सोडवलं. ती म्हणाली, तुझ्या आईला माझा सलाम कळव, तिने तुला इतके दिवस आम्हाला दिलं. मी कळवते म्हटलं. आई, हा तो सलाम. खांगांपैकी निळी तुझ्यासाठी ठेवली आहे, मे महिन्यात आणते.

जायचं ते आगगाडीने. रात्रभर आणि पुढचा बराच दिवस, टाबोरावरून किगोमापर्यंत. दोघीजणी आहोत. भाड्याची, सामानाची सोय झाली आहे.

रात्री कधी वॉर्डात शांत असतं तेव्हा फार आठवण येते. बाबा, कॅरलला जाताना तुम्ही मला सायकलच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून बसवायचे आणि माझे गार पाय एका हाताने चोळत एका हाताने हँडल धरायचे. आई ओरडायची, दोघं पडाल. या नाताळला गाणारी मुलं दारात आली की त्यांना आत बोलवा, बाहेर थंडीत उभी करू नका. आई, माझ्या वाटणीच्या करंज्या त्यांना दे. मी नाही म्हणून करायच्याच नाहीत, असं करू नकोस.

आता ऐका. बाबा, अनवाणी अंगणात जायचं नाही, नळापर्यंतसुद्धा नाही. रोज रात्री तळपाय आरशात बघायचे, कुठे लाल किंवा कापलेलं दिसलं की दादाला सांगायचं, लपवायचं नाही. तीन महिन्यांची साखर या महिन्यात तपासून कागदाचा फोटो मला पाठवा. इन्सुलिन फ्रीजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यात नाही. आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्यासाठी थांबवू नकोस. वहिनी सोबत राहणार आहे, मी तिच्याशी बोलले आहे, नाताळ झाला की जानेवारीत उरकून घे. थेंब वेळेवर घालायचे, चुलीजवळ जायचं नाही, आणि महिला मंडळाची पिशवी महिनाभर दुसरं कोणी उचलेल. पैसे दर महिन्याला येतील, ते औषधांवरच खर्च करा, माझ्या नावाने बँकेत टाकू नका.

तुम्ही दोघं एकटे आहात हे मला माहीत नाही असं समजू नका. तुमच्यापैकी कोणालाही बरं नसेल तर मी निघते, हे मी होकार देतानाच सांगितलं आहे आणि त्यांनी ते मान्य केलं आहे. पण त्यासाठी मला खरं कळलं पाहिजे. मागच्या पावसाळ्यात आई पडली ते मला महिन्याने कळलं, तसं पुन्हा नको.

पाळकसाहेबांना आणि आत्याला हे तुम्हीच सांगा, बाहेरून कळायला नको. रविवारी तुमच्या घड्याळात रात्री नऊला, म्हणजे माझ्या साडेसहाला, फोन करते. रागावला असाल तरी उचला.

तुमची लेक