यावेळी डब्यात भडंग नाही

सांगली, रविवार

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

पार्सल फोडलंस की आधी भडंग शोधशील, म्हणून सांगते, ठेवलेलं नाही. बाबा अर्धा किलो घेऊन आले होते, आता तेच खातायत.

परवा फोनवर म्हणालीस, संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर वळ दिसतात. मला माझे दिवस आठवले. सांधे धरले होते तेव्हा तुझीच ही गोळी, प्रेडनिसोलोन नावाचं स्टिरॉइड, मलाही चालू होती. एकदा बोटातली अंगठी निघेना, आजीनं साबण लावून ओढून काढली. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. मी काय केलं, तर पाणी कमी केलं! डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "पापड-लोणचं किती वेळा?" दोन्ही वेळा, दुसरं काय.

या गोळीनं मूत्रपिंडं मीठ बाहेर टाकायला कुचराई करतात. मीठ अंगात राहिलं की त्याच्यामागं पाणीही राहतं. रक्तदाब चढतो तो वेगळाच. पोटॅशियम मात्र लघवीवाटे निघून जातं. मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आतच मीठ सांगतात, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. त्यात मेसची आमटी, ब्रेड, बिस्किटं सगळं आलं. सैंधव घेऊन सुटका नाही, तेही मीठच. आणि ते 'लो सोडियम' मीठ विचारल्याशिवाय आणू नकोस, त्यात बऱ्याचदा पोटॅशियम असतं, सगळ्यांना चालत नाही.

रोज सकाळी चहाआधी वजन करून वहीत लिही. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी. डॉक्टरांना फोन कर. धाप लागली तर फोनबिन नाही, सरळ दवाखाना. गाल फुगले म्हणून गोळी मात्र आपल्या मनानं सोडायची नाही. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं थांबलेलं असतं, एकदम बंद केली तर जिवावर बेततं. तसंही गालांचा सगळा दोष मिठाचा नाही, तिथं चरबीही साठते. डोस उतरला की माझे हळूहळू उतरले.

डब्यात बिनमिठाचे शेंगदाणे आहेत आणि तासगावचे बेदाणे. बेदाणे चिमूटभरच, या गोळीनं साखरही वाढते. लसणाच्या चटणीत मीठ नाही, लिंबू पिळून खा. बाबा म्हणाले, आता घरीही तसलीच करू. तोंडात भडंगाचा बकाणा होता.

तुझी,
आई