टर्बो घरी खोलताय? जरा थांबा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

हल्ली व्हिडिओ बघून टर्बोचार्जर (इंजिनात जास्त हवा ढकलणारा, धुराच्या जोरावर फिरणारा पंखा) घरीच खोलायची हौस वाढलीय, चांगलंच आहे, पण दुरुस्तीचं किट आणून बेअरिंग बदललं की झालं असं नसतं हो. छोट्या टर्बोचा शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, मिनिटाला २ लाख फेऱ्यांच्या आसपास जातो, म्हणून खोलायच्या आधीच शाफ्ट, कॉम्प्रेसर व्हील (हवा ढकलणारं पात्यांचं चाक) आणि ते धरणारा नट यांवर एका रेषेत खूण करायची, जोडताना ती जुळली नाही तर बॅलन्स गेलाच समजा. तो नट बऱ्याचदा उलट्या आट्यांचा असतो, उगाच जोर लावू नका. खरं बॅलन्सिंग मात्र मशीनवरच होतं, ते बाहेरून करून घ्या, त्यात कमीपणा कसला?

टेस्टिंगचं तर विचारूच नका. लोक हवा भरायच्या कॉम्प्रेसरने हवा मारून व्हील गरागरा फिरवतात आणि आवाज ऐकून खूश, अरे पण आत तेल कुठंय! शाफ्टला आधार देणारं जर्नल बेअरिंग तेलाच्या पातळ थरावर चालतं, कोरडं फिरवलं की ओरखडे. शाफ्ट हाताने हलवून बघा, आडवा थोडा खेळ चालतो, पुढेमागे ठकठक जाणवली तर थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टला पुढेमागे सरकू न देणारं) संपलंय.

बसवल्यावर आधी टर्बोत तेल ओता, मग इंजिन चालू न होऊ देता नुसतं स्टार्टरवर फिरवून प्रेशर येऊ द्या, नंतर इंजिन चालू करून थोडा वेळ आयडलवर, म्हणजे रेस न देता. आणि धूर दिसला की लगेच सील गेलं म्हणू नका, तिथं बहुतेक वेळा रबरी सील नसतंच, पिस्टन रिंगसारखी बारीक रिंग असते. तेल परत जायचा पाइप तुंबला असेल तर नवा कोरा टर्बोसुद्धा धूर ओकतो, आधी तो बघा.

आपला,
एक वाचक