पोटगीचा आदेश हाती, बाप मात्र ‘मिळून आला नाही’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोटगी मंजूर झाल्याच्या बातम्या आपल्याकडे ठळक छापून येतात. पुढे वसुली झाली का, हे सहसा कोणी विचारत नाही. मुलाच्या नावे आदेश असतो आणि काही महिन्यांनी वॉरंटच्या पाठीवर शेरा येतो, ‘नमूद इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.’ बापाला शोधायचे काम प्रत्यक्षात आईच्याच गळ्यात पडते. म्हणून थोडे कामाचे लिहितो.

आधी मुदत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144(3) खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 125(3)) थकलेल्या महिन्याची रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुली अर्ज करावा लागतो. ‘आधी त्याचा पत्ता लागू दे’ म्हणून थांबले की जुने महिने या मार्गातून निसटतात. पत्ता जुना असला तरी अर्ज दाखल करून ठेवावा. प्रकरण चालू असताना साचणारी थकबाकी त्याच प्रकरणात मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच स्पष्ट केले आहे.

शोध सुरू करायचा तो आपल्याच खटल्याच्या फाईलपासून. रजनेश विरुद्ध नेहा (4 नोव्हेंबर 2020) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचे शपथपत्र द्यावे लागते. बाप एकदा जरी हजर झाला असेल, तर त्या शपथपत्राची नक्कल काढा. नोकरीचे ठिकाण, बँक खाती, विवरणपत्रे त्यात निघतात. नंतर ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर त्याच्या नावाने शोधा. चेक न वटल्याचा किंवा कर्जवसुलीचा दावा दुसऱ्या जिल्ह्यात चालू असेल, तर नवा पत्ता त्या प्रकरणाच्या कागदांत असण्याची शक्यता मोठी. मतदार यादीवर फार विसंबू नये. गाव सोडले तरी नाव वर्षानुवर्षे तिथेच राहते.

शेतीचा मागही सोडू नये. महाभूलेख या जमीन नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून आडनावाने सातबारा शोधता येतो. आजोबांच्या पश्चात वारस नोंदीत त्याचे नाव लागलेले असते आणि गावाबाहेर राहणाऱ्याला तो हिस्सा अजून विकता आलेला नसतो. नागरिक सुरक्षा संहितेचे दंडवसुलीसाठीचे कलम 461 (जुने 421) पोटगीलाही लागू पडते. त्यानुसार न्यायालय जिल्हाधिकाऱ्यांना जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुलीचे वॉरंट पाठवू शकते. अर्जात मागणी नेमकी अशी लिहा, नाहीतर साधे जंगम (हलवता येणाऱ्या वस्तूंच्या) जप्तीचे वॉरंट निघते आणि बेलीफला दाखवायला वस्तूच नसते.

नोकरदार असेल तर कलम 94 (जुने 91) खाली भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून त्याच्या सध्याच्या आस्थापनेची माहिती मागवण्याची विनंती करा. त्या निधीला जप्ती लागत नाही, पण दर महिन्याची वर्गणी कोण भरतो हे कळले की मालक सापडला. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आदेश असेल तर कलम 20(6) नुसार न्यायालय मालकालाच पगारातून रक्कम थेट आईला देण्यास सांगू शकते. दिवाणी हुकूमनाम्यात पोटगीसाठी पगाराचा एक तृतीयांश भागच जप्तीतून सुटतो, हे बऱ्याच जणींना ठाऊक नसते.

तो दुसऱ्या जिल्ह्यात सापडला तर आपल्याच न्यायालयातून वॉरंट टपालाने पाठवत बसू नये. तारीख उलटून गेल्यावर ते ठाण्यात पोहोचते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 147 प्रमाणे तो जिथे असेल तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडे आदेशाची अंमलबजावणी मागता येते. आदेशाची प्रत त्यासाठी फुकट मिळते. अर्जासोबत त्याचा अलीकडचा फोटो, सर्व मोबाइल क्रमांक, गाडीचा नंबर आणि मूळ गावचा पत्ता जोडा. वॉरंट हमदस्त, म्हणजे स्वतः हातोहात पोहोचवण्यासाठी, मागून घ्या. मोबाइलचे कॉल रेकॉर्ड काढून देणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नका. ते विकत घेणे गुन्हा आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिला आणि मुलांना उत्पन्न न बघता तो देते. हेल्पलाइन 15100.

आणि ‘महिनाभर तुरुंगात बसतो, प्रश्न मिटला’ असे सांगणाऱ्यांना ऐकवावे की थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते आणि ती भोगूनही देणे फिटत नाही. सर्वोच्च न्यायालयात कुलदीप कौर प्रकरणात 1989 सालीच हे ठरले.

न्यायालयांकडे मागणे एवढेच, की भविष्य निर्वाह निधी आणि बँकांना पाठवायची पत्रे पहिल्याच तारखेला निघावीत, त्यासाठी आईला वेगळे अर्ज करायला लावू नये. ‘मिळून आला नाही’ हा एका ओळीचा अहवालही स्वीकारू नये. हवालदार कोणत्या तारखेला गेला, शेजारी कोणाकडे चौकशी केली, मोबाइल लावला का आणि घरमालकाने काय सांगितले, हे लिहिल्याशिवाय वॉरंट परत घेऊ नये.

आपला,
पोटगी वसुलीची प्रकरणे चालवणारा एक वकील
सातारा