काकू, बाकावर गादी बसली!

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

खिडकीखालच्या बाकावरची गादी पुरी झाली. फोनवर सांगून भागलं असतं, पण आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. लिहिलेलं तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही, आणि घरात शिलाई मशीन नसलेल्या आणखी कुणाच्या उपयोगी पडलं तर बरंच.

मला साधं टीप मारणंही येत नाही, असं सांगितलं की लोक कसे बघतात ते मला पाठ आहे. तुम्ही तसं काही न करता एवढंच विचारलंत, "बाकाची लांबी-रुंदी किती?" आयुष्यभर सोफ्यांच्या बैठका भरणाऱ्या बाईला सुईचं सोवळं नसतं, हे मला कुठे माहीत! सुई नको, दोरा नको. एक फळी, फोम, कापड आणि स्टेपल गन बास, म्हणालात.

बाक ४८ इंच बाय १६. तुम्ही १२ मिलिमीटरचं प्लाय चारही बाजूंनी पाव इंच कमी कापायला लावलंत आणि फोम मात्र पूर्ण मापाचा ठेवायला सांगितलात, म्हणजे कापड ताणलं की फोम प्लायच्या कडेवर दबतो आणि लाकडाची धार हाताला लागत नाही. प्लायला भोकं पाडायला सांगितलीत तेव्हा मला ते उगाचच वाटलं होतं. आता बसल्यावर कळतं. फोममधली हवा खालून निघून जाते, गादी फुगून राहत नाही.

फोम ४० डेन्सिटीचा (म्हणजे घनमीटरला ४० किलो), जाडी दोन इंच. मी तीन इंचांवर अडून बसले होते. तुम्ही टेप लावून बाकाची उंची मोजलीत, १६ इंच भरली. बसायची उंची साधारण १७ ते १९ इंच असली की पाय जमिनीला नीट टेकतात, त्यावर गेली की लोंबकळतात. वाद संपला.

कापडाचं गणित तुम्ही ज्या चिठोऱ्यावर मांडलंत तो मी जपून ठेवलाय. बाकाच्या मापात दोन्हीकडून फोमची जाडी दोन इंच, प्लायची अर्धा आणि खाली मुडपायला तीन मिळवायचे. लांबी ५९, रुंदी २७. सोफ्याच्या कापडाचा पन्हा बहुधा ५४ इंच असतो, म्हणजे लांबी पन्ह्यात मावत नाही, ती ताग्याच्या लांबीतच धरावी लागते. पण २७ म्हणजे बरोबर अर्धा पन्हा! दीड मीटर कापडात दोन खोळी. किनार खाली मुडपली जाते, त्यामुळे तीही वाया जात नाही. उभ्या पट्ट्यांचं कापड घेतलं तर पट्ट्या बाकाच्या लांबीत धावतील, ते आधीच डोळ्यांसमोर आण, हेही तुमचंच. मी साधं एकरंगी घेतलं. मखमलीला तर तुम्ही हातच लावू दिला नाहीत. लव एका दिशेला बसते आणि नवशिक्याचा प्रत्येक ओढा तिच्यावर दिसतो.

फोमवर पॉलिस्टरच्या कापसाचा पातळ थर दिला, त्याने कडा गोलसर झाल्या. शिवाय कापड त्यावरून सरकतं, नुसत्या फोमवर ते अडकून बसतं. चिकटवायचा स्प्रे खिडक्या उघड्या टाकून मारला आणि जरा चिकट होईपर्यंत थांबलो.

मग खरं काम. इस्त्री केलेलं कापड फरशीवर उलटं, त्यावर कापूस, फोम आणि सगळ्यांत वर फळी. गुडघ्यांमुळे तुम्हाला खाली बसवत नाही, तरी आपलं स्टूल घेऊन वर आलात. गन माझ्या हातात दिलीत आणि परत मागितली नाहीत. तुम्ही ते चुटकीसरशी केलं असतंत, मी मात्र चाचपडत होते. पण तुमचा हात एकदाही पुढे आला नाही. काकू, मला आभार मानायचे आहेत ते मुख्यतः याचे.

आधी लांब बाजूच्या मध्यावर एक पिन, मग समोरच्या बाजूच्या मध्यावर. तसंच आखूड बाजूंना. तिथून कोपऱ्यांकडे सरकायचं, आणि कोपरा तीन-चार इंचांवर राहिला की थांबायचं. पिन किंचित तिरपी, म्हणजे एकाच धाग्यावर सगळा ताण येत नाही. दहा मिलिमीटरची पिन १२च्या प्लायमधून वर येत नाही, तरी मी प्रत्येक वेळी हात फिरवून बघत होते आणि तुम्ही हसत होतात. "ओढू नकोस गं, सुरकुती जाईल इतकंच ताण." जास्त ओढलं की कडेला लाटा उठतात.

कोपरा मात्र मी विसरणार नाही. टोक धरून तिरपं आत, फळीच्या मध्याकडे ओढायचं आणि एक पिन मारायची. आता दोन बाजूंना दोन कान उभे राहतात. एका कानात बोट घालून आतलं कापड चपटं करायचं, जादाचं आतल्या आत कात्रीने कमी करायचं, आणि घडी अशी आणायची की तिची रेघ बरोबर कोपऱ्याच्या धारेवर उभी राहील. मग दुसरा कान पहिल्यावर. दोन्ही जिथे एकमेकांवर येतात तिथे कापडाचे बरेच पदर जमतात आणि पिन अर्धीच आत जाते. ती हातोडीने ठोकायची. पुढचे दोन कोपरे सारखे दिसले पाहिजेत, मागचे भिंतीकडे जातात, असंही तुम्ही हळूच सांगितलंत!

तळाला काळं अस्तर लावलं, बाकावर न घसरणारी जाळी टाकली. ही खोळ धुवायला सहज निघणार नाही हे तुम्ही आधीच बजावलं होतं, त्यामुळे मळखाऊ रंग घेतला. अगदीच खराब झाली तर पिना उपसून दुसरी चढवेन, कापड आहेच.

आता तुमच्या स्टुलाकडे येते. त्याचं रेक्झिन फाटलंय, ते मी पाहिलंय. फळी गोल आहे, म्हणजे कोपरेच नाहीत. चुण्या एकसारख्या कशा पाडायच्या ते सांगायला तुम्हीच लागाल. तुमची स्टेपल गन अजून माझ्याकडेच आहे. रविवारी ती घेऊन खाली येते. तुम्ही फक्त बसायला दुसरं काहीतरी शोधून ठेवा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची