‘कैवारी’ हा शब्द मला वाचायला शिकवणाऱ्या सरांस

आदरणीय सर,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहिते आहे, कारण आपण केलेले साहाय्य आपण स्वतः कधीही कोणाला सांगणार नाही, याची मला खात्री आहे. माझे पती गेल्यानंतर घरी आलेल्या बहुतेकांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय वाचला, आणि प्रत्येक वेळी सोळाव्या वचनातील ‘दुसरा कैवारी’ या शब्दांपाशी माझे मन अडखळले. शोकात सांत्वन हवे असते, असे सगळेच म्हणत होते. मग आपल्या माणसांचा निरोप घेताना येशूने बाजू घेणाऱ्याची, पाठीशी उभे राहणाऱ्याची भाषा का वापरली? हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नव्हता. पतींना इस्पितळात न्यायला मी उशीर केला, अशी कुजबुज आमच्याच माणसांत चालू होती, आणि भेटीला येणारे काही जण तीच कुजबुज प्रार्थनेच्या शब्दांत घालून माझ्यापुढे ठेवत होते.

आपल्याआधी मी हा प्रश्न इतरांना विचारला होता. एका पाळकांनी सांगितले की शब्दांच्या मागे लागल्याने विश्वास दुबळा होतो. शास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेल्या एका गृहस्थांनी तर, ज्या बाईला ग्रीक येत नाही तिने ग्रीक शब्दाची चौकशी करू नये, असे चारचौघांत ऐकवले. पंडिता रमाबाईंनी केडगावला राहून हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून अख्खे पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणले, त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमातील स्त्रियांनी त्याच्या छपाईचे खिळे जुळवले, आणि रमाबाईंच्या निधनानंतर 1924 मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याच महाराष्ट्रात हे बोलणे मला ऐकावे लागले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आपण मात्र प्रश्न पुरता ऐकून घेतला, ग्रीक नवा करार उघडला, ‘कैवारी’च्या जागी मुळात असलेला ‘पाराक्लेतॉस’ हा शब्द ज्यांत आहे ती वचने एका कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवली आणि प्रत्येक ग्रीक शब्दाखाली पेन्सिलीने त्याचा उच्चार देवनागरीत लिहिला. “अक्षरे ओळखीची झाली की हे खोडून टाका,” एवढेच आपण म्हणालात. सर, माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट ती पेन्सिल होती. अर्थ सांगून मोकळे होणे आपल्याला सहज शक्य होते आणि मी तेवढ्यावरही आभार मानून परतले असते. परंतु ज्या भाषेच्या नावाने मला गप्प बसवले गेले होते ती मी एक दिवस स्वतः वाचेन, हे आपण माझ्याआधी मान्य केले. मी अडखळत वाचत असताना आपण एकदाही मध्ये बोलला नाहीत.

त्या कागदावर पाच वचने होती. चार वचने शेवटच्या भोजनाच्या रात्रीच्या संभाषणातील (योहान 14:16, 14:26, 15:26 आणि 16:7) आणि पाचवे योहानाच्या पहिल्या पत्रातील (2:1). नव्या करारात हा शब्द इतरत्र कोठेही नाही. ‘पारा’ म्हणजे जवळ, बाजूला, आणि ‘कालेओ’ म्हणजे बोलावणे. तेव्हा पाराक्लेतॉस म्हणजे हाक मारून आपल्या बाजूला बोलावलेला माणूस. प्राचीन अथेन्सच्या न्यायसभेत ज्याचा खटला त्यानेच बोलायचे असे आणि त्याच्या बाजूने विनवणी करायला त्याचे इष्टमित्र उभे राहत, इ.स.पू. 343 मधील एका भाषणाच्या आरंभीच अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस अशा पाराक्लेतॉसांचा उल्लेख करतो, हे आपण सांगितले तेव्हा मला पहिल्यांदा ‘कैवारी’ या शब्दाचे वजन जाणवले. ज्यूंच्या मिश्ना या जुन्या धर्मग्रंथामध्ये हाच शब्द ‘प्रक्लीत’ होऊन आला आहे आणि त्याच्यासमोर ‘कतेगोर’, म्हणजे आरोप करणारा, उभा केला आहे: एक आज्ञा पाळणारा स्वतःसाठी एक कैवारी मिळवतो आणि एक अपराध करणारा एक आरोप करणारा ओढवून घेतो. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात रात्रंदिवस दोषारोप करणाऱ्याला जे नाव आहे, ते याच दुसऱ्या शब्दाचे. एवढे कळल्यावर, ज्यांच्या बोलण्याने माझी झोप गेली होती ते सांत्वन करणारे नव्हतेच, हे मला आपोआप उमगले.

जुन्या करारातील, संकटांनी घेरलेल्या ईयोबाचे उदाहरणही आपणच दिले. त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, आणि तोंड उघडताच त्याचा दोष शोधू लागले. सोळाव्या अध्यायात ईयोब त्यांना त्रासदायक सांत्वनकर्ते म्हणतो, आणि जुन्या ग्रीक भाषांतरात तेथे ‘पाराक्लेतोरेस’ हा याच मुळाचा शब्द आहे. त्याच अध्यायात तो आपला साक्षी स्वर्गात आहे असे म्हणतो. त्याला धीर हवा होता आणि बाजू घेणाराही हवा होता, आणि या दोन गरजा वेगळ्या काढता येत नाहीत.

व्हल्गेट या जुन्या लॅटिन भाषांतराने शुभवर्तमानात ग्रीक शब्दच ठेवला आणि पत्रात ‘आदव्होकातुस’, म्हणजे वकील, घातला. 1611 च्या इंग्रजी भाषांतराने शुभवर्तमानात सांत्वन करणारा आणि पत्रात वकील अशी फोड केली. आमच्या घरातील मराठी शास्त्रात मात्र पाचही ठिकाणी ‘कैवारी’ आहे. त्यामुळे ‘दुसरा’ या शब्दाचा अर्थ मराठी वाचकाच्या नजरेतून निसटत नाही: पत्रात पित्याजवळ असलेला कैवारी स्वतः येशू आहे, आणि त्याच्यासारखाच दुसरा आपल्याजवळ राहावयास येणार आहे. “मी तुम्हांला अनाथ असे सोडणार नाही” हे वाक्य त्यानंतर दोनच वचनांनी येते, आणि आता मी ते न रडता वाचू शकते.

ज्ञान असूनही समोरच्याला लहान न करणारी माणसे आजही आहेत, आणि ती बहुधा कोणत्याही व्यासपीठावर दिसत नाहीत. त्यांच्या सौजन्यावर मंडळ्या टिकून आहेत, असे मी आता ठामपणे म्हणते.

आमच्या महिला मंडळाने पुढील वाचनासाठी लूकचा पंधरावा अध्याय, म्हणजे उधळ्या मुलाचा दाखला, घेतला आहे. थोरला मुलगा रुसून घराबाहेर थांबतो तेव्हा बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, आणि तेथील ‘पारेकालेइ’ हे क्रियापद याच मुळाचे आहे, हे मी या खेपेस स्वतः शोधले. बापाने त्या रुसलेल्या मुलाचाही कैवार घेतला असे म्हणता येईल का, हे आपल्याकडून ऐकण्याची आम्हा सर्वांची इच्छा आहे. कृपया अवश्य यावे.

आपली ऋणी,
एक विद्यार्थिनी