केवड्याच्या निमित्तानं

सुमे,

आठ महिने झाले, ना पत्र ना फोन, रागावली असशील. तब्येत ठीक, गुडघे आपले चालूच. पण आज तुला लिहिल्याशिवाय झोप नाही येणार.

काल हरतालिका ना, बर्डीवर पत्री घ्यायला गेली. केवड्याचं कणीस उचललं आणि पानाच्या काट्यानं अंगठा चिरला, तुमच्या विहिरीमागचं बनच आठवलं. (साप निघतात म्हणून काकू ओरडायच्या आणि तू मलाच पुढे ढकलायचीस, ते मी अजून विसरली नाही बरं का.)

रात्री जागरणात आईनं केतकीची गोष्ट सांगितली. ब्रह्मदेव हंस होऊन अग्नीच्या खांबाचं टोक शोधायला उडाले, टोक काही सापडेना, वाटेत वरून खाली येणारी केतकी भेटली, तिला म्हणाले चल आणि सांग की यांनी टोक पाहिलं. तिनं सांगितलं. ब्रह्मदेवांचं पाचवं मुंडकं गेलं आणि केतकी महादेवाच्या पूजेतून बाद. तिला काय मिळालं गं त्यात? मोठ्या माणसाला नाही म्हणवलं नाही, एवढंच.

मला तिथं बसवेना. जूनमधे आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरची बांगडी हरवली. मीटिंगमधे सेक्रेटरींनी विचारलं, कमलबाई दुपारी वर जाताना तुम्ही पाहिली ना? मी कुठली पाहते, झोपली होती मी. पण सगळे माझ्याकडेच पाहून राहिले होते आणि मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी तिचं काम बंद केलं. बांगडी पुढे त्यांच्याच कपाटात निघाली, कोणी चकार शब्द काढला नाही, मीही नाही.

खडूच्या डब्यावरून तू छड्या खाल्ल्यास पण माझं नाव नाही घेतलंस, म्हणून तुलाच लिहून राहिली.

शिवपुराणात पुढे असं आहे म्हणे, केतकी गयावया करू लागली तेव्हा महादेव म्हणाले, माझ्यावर वाहायची नाहीस, पण वरच्या मांडवात राहशील. आणि हरतालिकेला तर केवडा लागतोच, गुजरातेत या दिवसाला केवडा त्रीजच म्हणतात. पण तिनं आधी माफी मागितली सुमे. मी कुठं मागितली?

कमलबाई आता रामटेकला भावाकडे असते. शनिवारी मीटिंग आहे, तिथं सगळ्यांसमोर सांगणार, आणि रविवारी सकाळच्या एसटीनं रामटेक. ती दारात उभी करेल की नाही, हेच डोक्यात फिरून राहिलं आहे. यांना अजून बोलली नाही.

सुनेचं बाळंतपण कधी आहे? किचनचा फोटो पाहिला, छान झालं. शनिवारी रात्री फोन करते, उचल.

तुझी,
मंदा