मस्टरवर नऊ, शेडमध्ये अकरा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

'कामगार मिळत नाहीत आणि मिळाले तर टिकत नाहीत' हे वाक्य आम्हा छोट्या कारखानदारांच्या बैठकीत इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याचा खरेखोटेपणा आम्ही तपासतच नाही. शिरोली औद्योगिक वसाहतीत माझे लेथ आणि ड्रिलिंगच्या जॉबवर्कचे छोटे शेड आहे. पेरणीच्या दिवसांत आणि चैत्रात जोतिबाच्या यात्रेला निम्मी हजेरी घटते, दिवाळीचा बोनस हातात पडला की एखादा ऑपरेटर शेजारच्या शेडमध्ये दिसतो, हे सारे मीही अनुभवले आहे. परंतु त्यावरून कामगारांना बोल लावण्याआधी आपले मस्टर, म्हणजे हजेरीपट, उघडून पाहावे, असे मला अनुभवांती वाटू लागले आहे.

कामगारांना उपचार आणि भत्ता देणारी कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) दहा कामगारांपासून लागू होते आणि एकदा लागू झाली की पुढे संख्या घटली तरी सुटका नसते. या धास्तीने अनेकांचे मस्टर नवावर थांबते. माझेही थांबले होते. प्रत्यक्ष काम मात्र अकरा जण करीत. त्या दोन बिननोंदीच्या हेल्परांपैकी एकाचा हातमोजा चार वर्षांपूर्वी ड्रिलमध्ये अडकला आणि त्याच्या दोन बोटांना गंभीर इजा झाली. (फिरत्या ड्रिलवर हातमोजे घालू नयेत, एवढी साधी सूचनाही मी भिंतीवर लावलेली नव्हती.) खासगी रुग्णालयाचे ६८ हजारांचे बिल मी भरले आणि त्याचा मला काहीसा अभिमानही वाटला. मात्र तो घरी असतानाच्या दोन महिन्यांचे पैसे मी 'उचल' म्हणून लिहून ठेवले आणि तो कामावर परतताच पगारातून कापू लागलो. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यानुसार त्या काळातील भरपाई देण्याची जबाबदारी माझीच होती, हे मला एका सल्लागाराकडून फार उशिरा कळले. तोवर तो काम सोडून गेला होता आणि त्याच्यापाठोपाठ दोन चांगले ऑपरेटरही. त्यांनी भांडण केले नाही की कारण सांगितले नाही. मीही बैठकीत 'पोरे टिकत नाहीत' असेच सांगितले.

त्यानंतर मी विमा योजनेत सर्वांची नोंदणी केली. १६ हजार पगारावर मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के म्हणजे ५२० रुपये आणि कामगाराचा ०.७५ टक्के म्हणजे १२० रुपये होतो. कामावर इजा झाल्यास उपचार तर मिळतातच, शिवाय घरी बसलेल्या दिवसांसाठी सरासरी वेतनाच्या ९० टक्के भत्ताही मिळतो. हे ५२० रुपये वाचवण्यासाठी मी किती जोखीम अंगावर घेतली होती, याचा हिशेब मी आधी कधी मांडलाच नव्हता. दरमहा चलन भरणे आणि ऑनलाइन नोंदी ठेवणे हा व्याप मात्र खरा आहे. ज्या शेडमध्ये मालकच खरेदी पाहतो, डिलिव्हरी देतो आणि प्रसंगी मशिनवरही उभा राहतो, तिथे हे काम रात्री घरीच होते. त्याबद्दलची आमची तक्रार अवाजवी नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत, दहापेक्षा कमी कामगार असले तरी मालक आणि बहुसंख्य कामगार यांची संमती असल्यास या योजनेत स्वेच्छेने सामील होण्याची तरतूद आहे. माझ्या ओळखीच्या बहुतेक छोट्या कारखानदारांना ती ठाऊक नाही. संबंधित विभागाने आणि उद्योजकांच्या संघटनांनी शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले वसाहतींत याविषयी मराठीतून माहितीसत्रे घ्यावीत आणि तिथेच नोंदणीसाठी मदत कक्ष ठेवावा, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. सत्रे साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवावीत. कामाच्या दिवशी मशिन सोडून कोणीही येणार नाही.

आपला विश्वासू,
एक लघुउद्योजक, शिरोली (जि. कोल्हापूर)